बीटा कार्यप्रणाली आणि वापरकर्त्याची साक्ष : विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ आवृत्तीच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

संगणकाच्या कार्यप्रणालीची नवी आवृत्ती सर्वांच्या हाती देण्यापूर्वी ती काही स्वेच्छुक वापरकर्त्यांकडे चाचणीसाठी सोपविली जाते. ही 'बीटा' आवृत्ती बसविताना त्यांना आलेले अनुभव म्हणजे उत्पादकाच्या दृष्टीने दोषनिदानाचे साधन होय. प्रस्तुत लेखात मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० या कार्यप्रणालीच्या ऑक्टोबर २०१८ मधील आवृत्तीचे उदाहरण घेतले आहे. अनुभवांची केवळ संख्या मोजली तर थोड्यांचा, परंतु अत्यंत गंभीर असा अनुभव नजरेआड होतो, हे या उदाहरणाच्या आधारे मांडले आहे. अखेरीस महाविद्यालयांच्या संगणकव्यवहारासाठी त्यातून निघणाऱ्या काही सूचना दिल्या आहेत.

बीजसंज्ञा : कार्यप्रणाली, बीटा चाचणी, वापरकर्त्याचा अनुभव, नमुना निवड, माहितीची हानी.

१. प्रस्तावना

प्रवेशाच्या याद्या, अंतर्गत मूल्यमापनाचे गुण, प्रबंधाची प्रकरणे, नॅकच्या स्वयं-अध्ययन अहवालासाठी वर्षानुवर्षे जमविलेली कागदपत्रे, हे सारे आज संगणकात साठविलेले असते. या सर्वांच्या मुळाशी कार्यप्रणाली असते. परंतु वापरकर्त्याला तिचे अस्तित्व जाणवते ते बहुधा ती बदलते तेव्हाच. काल उघडणारी फाईल आज उघडत नाही, प्रिंटर ओळखला जात नाही किंवा परिचित बटण जागेवर दिसत नाही, तेव्हा आपण एका अदृश्य व्यवस्थेवर किती अवलंबून आहोत याची जाणीव होते.

हा बदल सर्वांच्या वाट्याला येण्यापूर्वी काही लोकांनी तो आपल्या संगणकावर अनुभवलेला असतो. त्यांना बीटा वापरकर्ते म्हणतात. त्यांनी नोंदविलेल्या तक्रारींवर पुढील कोट्यवधी लोकांची सुरक्षितता काही अंशी अवलंबून असते. म्हणून या अनुभवांचे स्वरूप काय, ते कोण नोंदवितो आणि ते ऐकणारा त्यांचे मोल कसे ठरवितो, हे तीन प्रश्न केवळ संगणकशास्त्राच्या प्राध्यापकांपुरते मर्यादित राहत नाहीत. सर्वेक्षणे करणाऱ्या, साक्षीपुराव्यांचा अर्थ लावणाऱ्या कोणत्याही विद्याशाखेला ते जवळचे आहेत.

२. 'बीटा' ही संकल्पना

सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या संस्थेच्या अंतर्गत होणाऱ्या चाचणीस 'अल्फा' आणि संस्थेबाहेरील वापरकर्त्यांकडून होणाऱ्या चाचणीस 'बीटा' म्हणण्याचा प्रघात आहे. बाहेरच्या चाचणीची गरज का भासते, हे साध्या गणितावरून कळते. दहा प्रकारचे प्रोसेसर, वीस प्रकारची ग्राफिक कार्डे, पन्नास प्रकारचे प्रिंटर आणि शंभर लोकप्रिय सॉफ्टवेअर, एवढ्यांचीच कल्पना केली तरी त्यांच्या परस्पर जोडण्या १०,००,००० होतात. प्रत्यक्षात ही संख्या कितीतरी मोठी असते. कोणतीही प्रयोगशाळा इतके संगणक मांडून ठेवू शकत नाही. ते संगणक लोकांच्या घरी आणि कार्यालयांतच असतात.

ॲपलने १३ सप्टेंबर २००० रोजी मॅक ओएस एक्सची सार्वजनिक बीटा आवृत्ती २९.९५ डॉलरना विक्रीस काढली. म्हणजे चाचणीचे कष्ट करणाऱ्यानेच त्यासाठी पैसेही मोजले. पुढे अंतिम आवृत्ती घेताना त्यांना सवलत मिळाली, ही गोष्ट वेगळी. त्या बीटामध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीत मध्यभागी ॲपलचे बोधचिन्ह होते, पण ते केवळ शोभेचे होते. जुन्या प्रणालीतील उपयुक्त ॲपल मेनू नाहीसा झाल्याबद्दल वापरकर्त्यांनी नाराजी व्यक्त केली आणि मार्च २००१ मध्ये आलेल्या अंतिम आवृत्तीत तो मेनू डाव्या कोपऱ्यात परत आला. वापरकर्त्याचा अनुभव उत्पादनाला आकार देतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

जानेवारी २००९ मधील विंडोज ७ ची बीटा आवृत्ती अधिक गंभीर बाब दाखविते. तीत एमपी-थ्री फाईलींच्या सुरुवातीचे काही सेकंद कायमचे कापले जाण्याचा दोष होता. तो वेळीच लक्षात आला. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती उपलब्ध करून दिली आणि बीटा बसविण्यापूर्वी अशा फाईलींच्या प्रती काढून ठेवण्याची सूचना केली. दोष होता, परंतु तो बीटाच्या टप्प्यातच ओळखला गेला. बीटाचे प्रयोजन नेमके हेच असते.

३. बीटा बसविताना येणारे अनुभव

वापरकर्त्यांचे अनुभव स्थूलमानाने चार टप्प्यांत विभागता येतात.

पहिला टप्पा पूर्वतयारीचा. काही गिगाबाइटची फाईल उतरवून घेणे, डिस्कवर पुरेशी जागा मोकळी करणे आणि जुन्या माहितीची प्रत काढणे ही कामे यात येतात. यांतील शेवटचे काम सर्वांत महत्त्वाचे असते आणि तेच सर्वांत अधिक टाळले जाते.

दुसरा टप्पा प्रत्यक्ष बसविण्याचा. पडद्यावर टक्केवारी पुढे सरकते, एखाद्या आकड्यावर बराच वेळ थांबते आणि संगणक अनेकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चालू असलेली प्रणाली स्वतःच स्वतःला बदलू शकत नाही. त्यामुळे आधी फाईली तयार ठेवल्या जातात, नंतर एका छोट्या सुरक्षित प्रणालीच्या आधारे मुख्य प्रणाली बदलली जाते आणि त्यानंतर ड्रायव्हर व वापरकर्त्याची मांडणी नव्या प्रणालीत आणली जाते. पुन्हा पुन्हा सुरू होण्याचे कारण या क्रमात आहे.

तिसरा टप्पा बसविल्यानंतरचा. बहुसंख्य तक्रारी येथे उद्भवतात. ड्रायव्हर हा प्रणालीच्या अंतर्भागात काम करणारा कार्यक्रम असल्याने त्याचा मेळ बसला नाही तर संपूर्ण संगणक कोलमडू शकतो. विंडोजच्या चाचणी आवृत्त्यांमध्ये अशा वेळी परिचित निळ्या पडद्याऐवजी हिरवा पडदा दिसू लागला. त्यामुळे दोष चाचणी आवृत्तीतील आहे, हे छायाचित्रावरूनही ओळखता येते.

चौथा टप्पा परतीचा. नवी आवृत्ती मानवली नाही तर मागे जाण्याची सोय असते. विंडोज १० मध्ये जुनी प्रणाली एका वेगळ्या फोल्डरमध्ये काही दिवस राखून ठेवली जाते. २०१६ च्या वर्धापन आवृत्तीपासून ही मुदत ३० दिवसांवरून १० दिवसांवर आली. परंतु मागे जाण्याची ही सोय प्रणालीपुरती असते. दरम्यान एखादी वैयक्तिक फाईल नष्ट झाली असेल, तर ती या मार्गाने परत येईलच असे नाही. हा भेद पुढील प्रकरणात निर्णायक ठरला.

४. ऑक्टोबर २०१८ चे प्रकरण

३० सप्टेंबर २०१४ रोजी विंडोज १० ची घोषणा करताना मायक्रोसॉफ्टने 'विंडोज इनसायडर प्रोग्रॅम' सुरू करण्याचे जाहीर केले. इच्छुक वापरकर्त्याने नाव नोंदवायचे, चाचणी आवृत्ती बसवायची आणि आपले अनुभव 'फीडबॅक हब' या सोयीद्वारे कळवायचे, अशी ही योजना होती. एखाद्याची तक्रार दुसऱ्यालाही जाणवली तर तो तिला आपले अनुमोदन देऊ शकत असे. अर्थात, जिला अनुमोदने अधिक, ती तक्रार ठळकपणे वर येई.

या व्यवस्थेतून गेलेली विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती २ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वांसाठी खुली झाली. प्रकाशनापूर्वीच्या 'रिलीज प्रिव्ह्यू' या अखेरच्या चाचणी टप्प्यातून मात्र ती नेहमीप्रमाणे नेण्यात आली नव्हती. अवघ्या काही दिवसांत वापरकर्त्यांकडून एकसारखी वृत्ते येऊ लागली. नवी आवृत्ती बसविल्यानंतर त्यांच्या कागदपत्रांच्या व छायाचित्रांच्या फोल्डरांतील फाईली नाहीशा झाल्या होत्या. जुन्या आवृत्तीकडे परतल्यावरही त्या मिळत नव्हत्या. त्याच आठवड्याच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टने या आवृत्तीचे वितरण थांबविले.

९ ऑक्टोबर २०१८ रोजी कंपनीने कारण स्पष्ट केले. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स इत्यादी ठरावीक फोल्डरांचे स्थान बदलण्याची सोय आहे. 'सी' ड्राइव्ह भरू लागला की ही फोल्डरे 'डी' ड्राइव्हवर नेणारे अनेक जण असतात. असे स्थलांतर केले तरी काहींच्या जुन्या जागेवरील फोल्डरात फाईली तशाच राहिलेल्या असतात. यापूर्वीच्या एप्रिल २०१८ च्या आवृत्तीत, अशा संगणकांवर त्याच नावाची रिकामी दुबार फोल्डरे दिसतात, अशी तक्रार वापरकर्त्यांनी केली होती. ती दूर करण्यासाठी नव्या आवृत्तीत दुबार फोल्डरे काढून टाकणारी आज्ञावली घालण्यात आली. ती जुन्या जागेवरील फोल्डरे काढून टाकत असे. ज्यांच्या त्या फोल्डरात खरोखरच फाईली होत्या, त्यांच्या फाईलीही त्याबरोबर गेल्या.

यातील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. वापरकर्त्यांची एक तक्रार ऐकली गेली, म्हणूनच हा दोष निर्माण झाला. वापरकर्त्यांची दुसरी तक्रार ऐकली गेली नाही, म्हणून तो सर्वांपर्यंत पोहोचला. कारण फाईली नाहीशा झाल्याच्या नोंदी प्रकाशनापूर्वी काही महिने फीडबॅक हबमध्ये आलेल्या होत्या. त्यांना अनुमोदने थोडी होती, एवढेच. रिकाम्या फोल्डराचा त्रास किरकोळ होता, तर फाईली जाण्याचा अनुभव दुर्मीळ परंतु भरून न येणारा होता.

५. संख्या आणि गांभीर्य

मायक्रोसॉफ्टने दिलेल्या माहितीनुसार प्रत्यक्ष फाईली गमावल्याच्या तक्रारींचे प्रमाण या आवृत्तीच्या एकूण बसविलेल्या प्रतींच्या ०.०१ टक्का, म्हणजे दहा हजारांत एक, एवढे होते. हा आकडा लहान दिसतो. तथापि मार्च २०१९ मध्ये विंडोज १० ची उपकरणे ८० कोटींवर असल्याचे कंपनीने सांगितले होते. वितरण थांबले नसते आणि तेच प्रमाण सर्वत्र कायम राहिले असते, असे गृहीत धरले तर ८०,००० उपकरणांवरील माहिती गेली असती. टक्केवारी लहान असली तरी माणसे थोडी नसतात.

अशा दुर्मीळ दोषाचा शोध किती वापरकर्त्यांच्या चाचणीतून लागेल, याचे उत्तर संख्याशास्त्रातील 'तीनचा नियम' देतो. 'न' इतक्या स्वतंत्र निरीक्षणांत एखादी घटना एकदाही आढळली नाही, तर ९५ टक्के विश्वासपातळीवर तिचे प्रमाण जास्तीत जास्त ३ भागिले 'न' असू शकते, असा हा नियम सांगतो. ३,००० वापरकर्त्यांपैकी एकाचीही फाईल गेली नाही, तरी धोका हजारात एक एवढा असण्याची शक्यता त्यावरून नाकारता येत नाही. धोका दहा हजारांत एकाहून कमी आहे, असे म्हणण्यासाठी ३०,००० निर्दोष निरीक्षणे आवश्यक ठरतात. आणि तीही सर्वसामान्य वापरकर्त्यांसारख्याच संगणकांवरील असावी लागतात.

म्हणजेच दुर्मीळ घटनेच्या बाबतीत एकाही तक्रारीचा अभाव फारसे काही सिद्ध करीत नाही. याउलट एका तक्रारीचे अस्तित्व मात्र बरेच काही सांगते. अनुमोदनांवर चालणारी व्यवस्था नेमकी याच्या उलट वागते. एखादे चिन्ह आवडले नाही, ही गोष्ट हजारो लोक अनुभवतात आणि अनुमोदितात. ज्याची दहा वर्षांची छायाचित्रे गेली, त्याला अनुमोदन देण्यासाठी तशीच छायाचित्रे गमावलेला दुसरा माणूस त्या नोंदीपर्यंत पोहोचावा लागतो. आवडीनिवडीच्या बाबतीत बहुमत हा न्याय्य निकष असेल, परंतु हानीच्या बाबतीत तो निकष गैरलागू ठरतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेताना एका गंभीर घटनेचीही स्वतंत्र चौकशी केली जाते, ती याच कारणाने.

६. साक्ष कोण देतो?

बीटा वापरकर्त्यांचा समूह हा यादृच्छिक नमुना नसतो. तो स्वयंनिवडीने तयार झालेला असतो. त्यात संगणकाची आवड असलेले, बहुधा दुसरा संगणक हाताशी असलेले, प्रणाली पुन्हा पुन्हा नव्याने बसविणारे लोक अधिक असतात. वर्षानुवर्षे एकाच संगणकावर काम करणारा, जुन्या फोल्डरात फाईली साठलेला आणि चाचणीच्या वाटेला कधीही न जाणारा कार्यालयीन वापरकर्ता या नमुन्यात अभावानेच आढळतो. ऑक्टोबर २०१८ चा दोष नेमका अशा जुन्या, साठत गेलेल्या मांडणीत दडलेला होता.

हीच गोष्ट भाषेलाही लागू पडते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील ऱ्य हे जोडाक्षर मराठीचे वैशिष्ट्य आहे. देवनागरीचे अन्य वापरकर्ते सहसा रफार वापरतात. एखाद्या नव्या आवृत्तीत या अक्षराची जुळणी बिघडली, तर मराठी वाचणाऱ्यालाच ते खटकेल. चाचणी करणाऱ्यांत मराठी लिहिणारे मोजकेच असतील, तर त्यांची तक्रार संख्येने नेहमीच लहान राहणार. ती लहान राहण्याचे कारण दोष लहान असणे हे नसून साक्षीदार थोडे असणे हे असते. संशोधनपद्धतीचा अभ्यास करणाऱ्यास हा भेद नवा नाही, मात्र व्यवहारात तो सहज विसरला जातो.

७. उत्पादकाने केलेले बदल

मायक्रोसॉफ्टने ९ ऑक्टोबर २०१८ रोजीच फीडबॅक हबमध्ये एक बदल केला. तक्रार नोंदविताना तिचा परिणाम व तीव्रता किती, हेही सांगण्याची सोय वापरकर्त्यास देण्यात आली. संख्या थोडी असतानाही महत्त्वाच्या तक्रारी लक्षात याव्यात, हा हेतू कंपनीने स्वतःच सांगितला. ज्यांच्या फाईली गेल्या होत्या, त्यांनी तो संगणक शक्यतो कमी वापरावा आणि साहाय्य विभागाशी संपर्क साधावा, असा सल्ला देण्यात आला. हटविलेली फाईल डिस्कवरून लगेच पुसली जातेच असे नाही, परंतु तिची जागा मोकळी मानली जाते. त्या जागेवर नवीन माहिती लिहिली गेली की जुनी परत मिळण्याची आशा मावळते, हे या सल्ल्यामागील कारण होय.

दुरुस्त केलेली १८०९ आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा खुली झाली. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने पुढील १९०३ या आवृत्तीसाठी 'रिलीज प्रिव्ह्यू' टप्प्याचा कालावधी वाढविण्याचे जाहीर केले आणि ती २१ मे २०१९ रोजी सर्वांसाठी आणली. नवी मोठी आवृत्ती केव्हा बसवावी याचा निर्णय बऱ्याच अंशी वापरकर्त्याकडे आला. घरगुती आवृत्ती वापरणाऱ्यांनाही अद्ययावतन कमाल ३५ दिवस लांबणीवर टाकता येऊ लागले. जून २०२० मध्ये चाचणीच्या जुन्या श्रेणींऐवजी डेव्ह, बीटा आणि रिलीज प्रिव्ह्यू असे प्रवाह करण्यात आले. त्यामुळे आपण कितपत अपक्व आवृत्ती स्वीकारीत आहोत, हे नावावरून अधिक स्पष्ट होऊ लागले.

८. महाविद्यालयांच्या दृष्टीने काही सूचना

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपुष्टात आले. त्यामुळे अनेक कार्यालयांपुढे कार्यप्रणाली बदलण्याचा प्रश्न उभा आहे. नवी आवृत्ती आधी पाहून घेण्याची इच्छा अशा वेळी स्वाभाविक असते. ती पुरी करताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवणे हितावह ठरेल.

पहिली गोष्ट, चाचणी आवृत्ती अशा संगणकावरच बसवावी की ज्यावरील एकही फाईल तेथे एकमेव प्रतीच्या रूपात नाही. परीक्षा विभाग, लेखा विभाग आणि प्रवेश कक्ष यांचे संगणक यातून पूर्णपणे वगळावेत.

दुसरी गोष्ट, प्रत काढणे म्हणजे त्याच संगणकाच्या दुसऱ्या ड्राइव्हवर फाईली ठेवणे नव्हे. प्रत संगणकाबाहेर असावी आणि तीतून निदान एक फाईल परत मिळवून पाहिलेली असावी. परत न मिळणारी प्रत ही प्रत म्हणून निरुपयोगी असते.

तिसरी गोष्ट, बीटाला मुदत असते. विंडोज ७ ची बीटा आवृत्ती १ ऑगस्ट २००९ रोजी संपणार होती आणि त्याआधी महिनाभर ती दर दोन तासांनी संगणक बंद करणार, असे आधीच जाहीर झाले होते. मुदतीची तारीख प्रथमच नोंदवून ठेवावी.

चौथी गोष्ट, तक्रार लिहिताना तिची रचना साक्षीसारखी असावी. कोणती आवृत्ती, कोणती मांडणी, काय केल्यावर काय घडले, काय गमावले, ते परत मिळते की नाही आणि तेच पुन्हा घडवून दाखविता येते की नाही, एवढे मुद्दे त्यात यावेत. 'संगणक नीट चालत नाही' या वाक्यावर कोणीही काही करू शकत नाही.

पाचवी गोष्ट ऐकणाऱ्यासाठी आहे. महाविद्यालयाच्या संगणक विभागाकडे एकाच प्राध्यापकाची किंवा एकाच लिपिकाची तक्रार आली, तर 'इतर कोणाची तक्रार नाही' हे उत्तर पुरेसे मानू नये. प्रथम विचारावे, की यात जे गेले ते परत येणारे आहे काय? उत्तर नकारार्थी असल्यास त्या एका तक्रारीला सर्वांत वरचे स्थान द्यावे.

९. समारोप

बीटा वापरकर्ता आपला वेळ, आपला संगणक आणि क्वचित आपली माहितीही पणाला लावून इतरांचा मार्ग सुकर करीत असतो. त्याच्या श्रमाचे मोल त्याची नोंद वाचली जाण्यात आहे. ऑक्टोबर २०१८ च्या प्रकरणात व्यवस्थेकडे माहिती होती, ती वेळेवर आलेलीही होती. उणीव होती ती तोलण्याच्या रीतीत. तक्रारी मोजण्याचे यंत्र होते, त्या तोलण्याचा तराजू नव्हता.

गुणपत्रिकेतील एका विद्यार्थ्याची चूक, सर्वेक्षणातील एक विसंगत उत्तर, वर्गातील एकाच विद्यार्थिनीची तक्रार यांच्या बाबतीतही हाच प्रश्न उभा राहतो. सरासरीत ही नोंद दिसत नाही. म्हणून जेथे जेथे लोकांचे अनुभव संकलित केले जातात, तेथे संख्येच्या रकान्याशेजारी गांभीर्याचा एक रकाना असावा, आणि तो आधी वाचला जावा.